टार्टारिक आम्लाने अमाइन वेगळं करताना ईई ८० वर का अडकतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक रॅसेमिक प्राथमिक अमाइन आहे, म्हणजे आरशातली दोन्ही रूपं, एस आणि आर, त्यात निम्मी-निम्मी आहेत, आणि त्यातला फक्त एस हवा आहे. मिथेनॉलमध्ये एल-टार्टारिक आम्ल एकास एक प्रमाणात घालून सॉल्ट पाडलं, तर यील्ड (हाती आलेला माल) ४६ टक्के आणि ईई (एक रूप दुसऱ्यापेक्षा किती टक्क्यांनी जास्त) ८०. तेच सॉल्ट पुन्हा मिथेनॉलमधून स्फटिक केलं तर ईई ८८, पण यील्ड घसरून ३०. आता डायबेन्झॉइल टार्टारिक आम्लाकडे वळावं का, ते महाग पडतं त्याचं काय करायचं, आणि बाटल्यांवर कुठे एल-प्लस तर कुठे एल-मायनस लिहिलेलं असतं, त्यातलं नेमकं कोणतं मागवायचं?

आम्ल बदलण्याआधी तुमच्याच आकड्यांकडे नीट बघू. त्यात बरंच उत्तर दडलेलं आहे.

सुरुवातीला १०० भाग रॅसेमिक अमाइन घेतलं असं धरा. त्यात ५० भाग एस, ५० भाग आर. पहिल्या वेळी ४६ भाग सॉल्टच्या रूपात खाली आले, ईई ८० म्हणजे ९० ला १०. म्हणजे त्यात ४१.४ भाग एस आणि ४.६ भाग आर. हा निकाल वाईट मुळीच नाही. हंगेरीतले फोगासी यांच्या नावाने ओळखला जाणारा एक साधा आकडा आहे: यील्ड गुणिले ईई गुणिले दोन. आदर्श रिझोल्युशनला, म्हणजे दोन रूपं पूर्ण वेगळी झाली तर, तो १ येतो. तुमचा ०.४६ × ०.८० × २ म्हणजे सुमारे ०.७४. कारखान्यात चालणाऱ्या कितीतरी पद्धती पहिल्या पायरीला इथेच असतात. एखाद्याने ४० टक्के यील्ड आणि ९० ईई सांगितला तर ऐकायला तो तुमच्यापेक्षा भारी वाटतो, पण हिशोब केला तर ०.७२ येतो. नुसता ईई पाहून पद्धत चांगली की वाईट ठरवू नका.

घोटाळा दुसऱ्या पायरीला आहे. ३० भाग, ईई ८८, म्हणजे ९४ ला ६: एस २८.२ आणि आर १.८. फक्त २.८ भाग आर बाहेर काढण्यासाठी तुम्ही १३.२ भाग एस मदर लिकरमध्ये, म्हणजे स्फटिक गाळल्यावर उरणाऱ्या द्रावणात, घालवला. फोगासीचा आकडा ०.५३ वर आला. हा सौदा तोट्याचा आहे, आणि त्याच मार्गाने तिसरं स्फटिकीकरण केलंत तर ९२-९३ ईई मिळेल आणि हातात जेमतेम २० भाग उरतील.

आता दोन्ही मदर लिकरचा ईई काढा. तुम्ही तो मोजलेला दिसत नाही, पण वजाबाकीने मिळतो. पहिल्या मदर लिकरमध्ये ८.६ भाग एस आणि ४५.४ भाग आर, म्हणजे आरच्या बाजूने ६८. दुसऱ्या मदर लिकरमध्ये १३.२ भाग एस आणि २.८ भाग आर, म्हणजे एसच्या बाजूने ६५. एकच आम्ल, एकच द्रावक, जवळपास एकच तापमान, आणि दोन लिकर अगदी विरुद्ध दिशांना. दोन्ही सॉल्टचे वेगवेगळे, शुद्ध स्फटिक तळाशी असते आणि द्रावण त्यांच्याशी समतोलात असतं, तर लिकरची घडण दोन्ही वेळा सारखीच आली असती, कारण दोन घन पदार्थ हजर असले की त्या तापमानाला लिकरची घडण ठरूनच जाते. तिला युटेक्टिक म्हणतात. तशी ती आलेली नाही. म्हणजे दोनपैकी एक गोष्ट घडते आहे: एक तर तुमचे स्फटिक घाईने पडले आणि समतोल झालाच नाही, किंवा आर आणि एस दोन्हींची सॉल्ट एकाच स्फटिकाच्या जाळीत मिसळून बसतात, म्हणजे घन द्रावण बनतं. पहिलं दुखणं बरं होतं. दुसरं त्या आम्लात आणि त्या द्रावकात बरं होत नाही.

तिसरी शंकाही तपासून बाजूला ठेवू: केक नीट धुतला गेला नाही आणि मदर लिकर त्यात अडकलं. पहिल्या पायरीत ४.६ भाग आर फक्त अडकलेल्या लिकरमधून यायचा तर एकूण लिकरचा दहावा हिस्सा केकमध्ये राहिलेला असायला हवा. बुखनर फनेलवर घाईत गाळलं तर हे अशक्य नाही. पण मग दुसऱ्या स्फटिकीकरणात केक लगेच ९७ च्या आसपास गेला असता, कारण त्या वेळी लिकरच एसने भरलेलं होतं. तसं झालं नाही.

आता हे दोन सॉल्ट वेगळे होतातच का, ते एकदा मनात स्पष्ट करून घ्या. उजव्या पायात डाव्या पायाची चप्पल बसत नाही, हे उदाहरण सगळीकडे देतात. एन्झाइम किंवा रिसेप्टरसाठी ते चालतं. रिझोल्युशनमध्ये मात्र आम्ल दोन्ही अमाइनांना बरोबरीने पकडतं. द्रावणात दोन्ही सॉल्ट सुखाने तयार होतात. आर-अमाइनचं एल-टार्ट्रेट आणि एस-अमाइनचं एल-टार्ट्रेट हे एकमेकांचे आरशातले जोडीदार नसतात, म्हणून त्यांची विद्राव्यता, वितळणबिंदू, स्फटिकांची घडण सगळं वेगळं असू शकतं. निवड होते ती स्फटिक रचला जाताना, हायड्रोजन बंधांचं जाळं कुणाचं जास्त घट्ट बसतं यावर. म्हणून मी नव्या मुलांना सांगत आलोय की रेणूची चित्रं काढून कुठलं आम्ल चालेल याचा अंदाज करत बसू नका, घन पदार्थ काय करतो ते बघा.

ही विद्या टार्टारिक आम्लावरच उभी राहिली आहे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शीलेने १७६९ मध्ये द्राक्षमद्याच्या पिंपांत जमणाऱ्या खड्यांपासून हे आम्ल वेगळं केलं. पुढे आल्सेसमधल्या थान गावात केस्टनर यांच्या कारखान्यात त्याचाच एक चमत्कारिक भाऊ सापडला: घटक तेच, पण ध्रुवित प्रकाश वळवत नाही. १८४८ मध्ये पॅरिसमध्ये २५ वर्षांच्या लुई पाश्चरने त्या दुसऱ्या आम्लाच्या सोडियम-अमोनियम सॉल्टचे स्फटिक भिंगाखाली पाहिले, डावे-उजवे असे दोन ढीग चिमट्याने केले आणि दोन्हींची द्रावणं प्रकाश विरुद्ध दिशांना वळवतात हे दाखवलं. वृद्ध भौतिकशास्त्रज्ञ बियो यांनी हा प्रयोग आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा करून घेतला आणि मगच मान्य केला. यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही: हे सॉल्ट साधारण २८ अंशांच्या खालीच डावे-उजवे स्फटिक वेगवेगळे देतं. त्याच्या वर दोन्ही रूपं एकाच स्फटिकात बसतात. हाच प्रयोग मे महिन्यात मुंबईत पंख्याखाली केला असता तर पाश्चरच्या हाती काही लागलं नसतं. तापमान तेवढं बदललं की घन पदार्थाचा स्वभाव बदलतो, हे तुमच्याही अमाइनला लागू आहे. ज्यांच्यात दोन्ही रूपं आपण होऊन वेगवेगळी स्फटिक होतात अशी संयुगं दहातलं एखादंही भरत नाही. म्हणून आपल्याला बाहेरून दुसरं कायरल आम्ल, म्हणजे डावं किंवा उजवं असं एकाच रूपातलं, आणावं लागतं. त्या युक्तीचं श्रेयही पाश्चरचंच. १८५३ मध्ये त्याने सिंकोना झाडापासूनच्या अल्कलॉइडांनी आम्लाची रूपं वेगळी केली. आपण तेच उलट करतो, आम्लाने अमाइन वेगळं करतो.

तर आता पहिलं काम. तुमच्याकडचं ८० ईईचं सॉल्ट घ्या आणि ते पूर्ण विरघळवू नका. वजनाच्या सहा ते आठ पट मिथेनॉलमध्ये स्लरी करा, ५० अंशांना दोन तास ढवळा, हळूहळू २५ वर आणा, परत ५० वर न्या. असं दोन दिवस चालू द्या. रोज सकाळी थोडी स्लरी काढून गरम असतानाच गाळा आणि घन व लिकर दोन्हींचा ईई कायरल एचपीएलसीवर (डावी-उजवी रूपं वेगळी मोजणाऱ्या यंत्रावर) पाहा. घन ८० वरून ९०, ९५, ९८ असा चढत गेला आणि लिकर आरकडे झुकत गेलं, तर दुखणं घाईचं आहे. मग आम्ल बदलायची गरज नाही, स्फटिकीकरण सावकाश करा आणि शेवटी स्लरी ठेवा. घन ८२-८३ वर थांबला आणि लिकरही एसने भरलेलं राहिलं, तर ते घन द्रावण आहे असं समजा आणि वेळ घालवू नका. हा प्रयोग दोन दिवसांचा आहे, पण त्याच्याशिवाय आम्लांच्या बाटल्या मागवणं म्हणजे अंधारात पैसे टाकणं आहे. तरुण केमिस्ट हा टप्पा गाळतात याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण इतकी माहिती इतक्या कमी खर्चात देणारा दुसरा प्रयोग या कामात नाही.

त्याच वेळी आणखी एक तपासणी करा. टार्टारिक आम्लात दोन कार्बॉक्सिल गट आहेत, पीकेए (आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा) सुमारे ३.० आणि ४.३. एकास एक घातलं म्हणून एकास एक सॉल्टच पडलं असेल असं नाही. दोन अमाइनांना एक आम्ल असं उदासीन टार्ट्रेटही पडू शकतं, किंवा दोन्हींचं मिश्रण. डी-टू-ओमध्ये, म्हणजे जड पाण्यात, प्रोटॉन एनएमआर घ्या. टार्ट्रेटचे दोन प्रोटॉन साडेचारच्या आसपास एकेरी रेषा देतात. तिचं क्षेत्रफळ अमाइनच्या एखाद्या स्वच्छ रेषेशी ताडून पाहा. मिश्र सॉल्ट पडत असेल तर ईई कधीच स्थिर येणार नाही, आणि बॅचगणिक आकडे हलतील.

प्रमाण कमी करूनही पाहा. पोप आणि पीची यांनी १८९९ च्या सुमारास दाखवलेली पद्धत आजही चालते: कायरल आम्ल अर्धंच घ्या आणि उरलेल्या अमाइनसाठी साधं स्वस्त आम्ल, उदाहरणार्थ असेटिक किंवा हायड्रोक्लोरिक. नको असलेलं अमाइन त्या साध्या आम्लाबरोबर विद्राव्य राहतं आणि टार्ट्रेट म्हणून खाली येण्याचा मोह त्याला होत नाही. कित्येकदा ईई इथेच दहा-बारा अंकांनी वाढतो, आणि कायरल आम्लाचा खर्चही निम्मा होतो.

द्रावकाचं महत्त्व पटवून द्यायला अ‍ॅम्लोडिपिनपेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. रक्तदाबाच्या या औषधातला एस हाच कामाचा. फायझरच्या केमिस्टांनी तो टार्टारिक आम्लानेच वेगळा केला, पण डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये. तिथे पडणारं सॉल्ट दोन अमाइनांना एक टार्ट्रेट असं असतं आणि त्याच्या जाळीत द्रावकाचा रेणूही बसलेला असतो. डी-टार्टारिक आम्ल घातलं तर एस खाली येतो, एल घातलं तर आर. आम्लाचं प्रमाण एक मोल अ‍ॅम्लोडिपिनला पाव मोलपर्यंत कमी ठेवता येतं, कारण तेवढंच एका रूपाला पुरतं. द्रावक इथे नुसता विरघळवणारा नाही, स्फटिकाच्या बांधकामातली वीट आहे. तेव्हा तुमच्या तक्त्यात मिथेनॉल, इथेनॉल, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), असिटोन यांबरोबर ५ टक्के पाणी घातलेली रूपंही ठेवा. हायड्रेट पडलं तर जाळी बदलते, आणि जाळी बदलली की निवडही बदलते.

घन द्रावण निघालं तर मात्र दुसरं आम्ल शोधावं लागेल, आणि इथे डायबेन्झॉइल टार्टारिक आम्ल खरोखर उपयोगी पडतं. टार्टारिकच्या दोन्ही हायड्रॉक्सिल गटांवर बेन्झॉइल बसवलं की आम्ल जास्त तीव्र होतं, पाण्यात जवळपास विरघळत नाही, आणि इथाइल असिटेट, असिटोन अशा द्रावकांत काम करता येतं. दोन मोठी सपाट वलयं आल्याने स्फटिकाची रचणी पूर्ण वेगळी होते. डाय-पॅरा-टोल्युऑइल टार्टारिक आम्ल हे त्याचं सख्खं भावंड, आणि कधीकधी एका मिथिल गटाच्या फरकाने एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही. म्हणून दोन्ही पाहा. त्यांच्या बरोबर मॅन्डेलिक, मॅलिक आणि कॅम्फरसल्फॉनिक आम्लही छोट्या कुप्यांत घाला. औषधांच्या कारखान्यात हीच मंडळी पुन्हा पुन्हा भेटतात. ड्युलॉक्सेटिनचा अमिनोअल्कोहोल एस-मॅन्डेलिक आम्लाने सुटतो, क्लोपिडोग्रेल लेव्हो-कॅम्फरसल्फॉनिक आम्लाने असिटोनमध्ये, टोल्टेरोडिन एल-टार्टारिकने, रिव्हास्टिग्मिन डाय-पॅरा-टोल्युऑइल-डी-टार्टारिकने. क्षयरोगावरचं इथॅम्ब्युटॉल एस-२-अमिनोब्युटॅनॉलपासून बनतं, आणि ते अमिनोब्युटॅनॉल एल-टार्टारिकने वेगळं काढतात. इथॅम्ब्युटॉलचं एस,एस रूपच जिवाणूवर प्रभावी आहे, आर,आर जवळपास निरुपयोगी. क्षयाच्या गोळ्यांची भारतात गरज किती आहे हे सांगायला नको. चिंचेत आढळणाऱ्या आम्लाचा त्या साखळीत वाटा आहे, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

एक सावधगिरी. तुमचं अमाइन प्राथमिक आहे. डायबेन्झॉइल आम्लावरचा बेन्झॉइल गट गरम द्रावणात अमाइनवर उडी मारू शकतो आणि बेन्झअमाइड तयार होतं. ती अशुद्धी पुढच्या पायऱ्यांत चिवटपणे टिकते. मिथेनॉलमध्ये रिफ्लक्सवर जास्त वेळ ठेवलं तर एस्टरची अदलाबदल होऊन बेन्झॉइल गट सुटतो, शिवाय कार्बॉक्सिल गटाचा मिथिल एस्टरही बनू शकतो. म्हणून मोकळं अमाइन आणि हे आम्ल तासन्‌तास उकळू नका. ५०-५५ अंशांत विरघळेल असा द्रावक निवडा आणि विरघळलं की सीड (शुद्ध सॉल्टचे तयार स्फटिक-कण) घाला.

आता लेबलांचा गोंधळ. चिंच-द्राक्षांत सापडणारं नैसर्गिक टार्टारिक आम्ल म्हणजे एल, प्लस, २आर,३आर. पाण्यात २० टक्के तीव्रतेला त्याचा एसओआर (प्रकाश किती वळवतो त्याचा आकडा) सुमारे +१२. त्यावर बेन्झॉइल बसवलं तरी त्याच कार्बनांची मांडणी तशीच राहते, अजून २आर,३आर आणि अजून एल. पण प्रकाश वळवण्याची दिशा उलटते: इथेनॉलमध्ये सुमारे −११५. टोल्युऑइलचंही तसंच, सुमारे −१४०. म्हणजे एल-टार्टारिक हे प्लस, पण त्यापासून बनलेलं डायबेन्झॉइल-एल-टार्टारिक हे मायनस. खरेदी विभागाला नुसतं "प्लस डायबेन्झॉइल" असं सांगितलं तर डी-रूप येतं. एसिटालोप्रामच्या पेटंटात प्लस डाय-पॅरा-टोल्युऑइल टार्टारिक आम्ल लिहिलंय ते याच कारणाने डी-रूप आहे. चिन्हांवर विसंबू नका, इंडेंटवर (खरेदीच्या मागणीपत्रावर) सीएएस क्रमांक, म्हणजे त्या रसायनाचा ओळख क्रमांक, लिहा. एल-टार्टारिक ८७-६९-४, डी-टार्टारिक १४७-७१-७, डायबेन्झॉइल-एल २७४३-३८-६, त्याचं मोनोहायड्रेट ६२७०८-५६-९, डायबेन्झॉइल-डी १७०२६-४२-५, टोल्युऑइल-एल ३२६३४-६६-५, टोल्युऑइल-डी ३२६३४-६८-७. निर्जल की मोनोहायड्रेट हेही पाहा. ३५८ आणि ३७६ अशा रेणूभारांत जवळपास ५ टक्क्यांचा फरक आहे, आणि अर्ध्या प्रमाणाच्या पद्धतीत तो जाणवतो. कोकणपट्टीतल्या प्लांटमध्ये पावसाळ्यात उघडलेल्या पिशवीचं कार्ल फिशर (पाण्याच्या अंशाची मोजणी) केल्याशिवाय वजन धरू नका.

आम्लाची स्वतःची शुद्धता रेणूभारापेक्षाही महत्त्वाची आहे, आणि इथे बहुतेकजण फसतात. समजा एस-अमाइनचं एल-सॉल्ट कमी विद्राव्य आहे. त्याचं आरशातलं रूप म्हणजे आर-अमाइनचं डी-सॉल्ट, आणि त्याची विद्राव्यता तंतोतंत तेवढीच. तुमच्या एल-आम्लात २ टक्के डी असेल तर ते डी तितक्याच उत्साहाने आर-अमाइनला खाली ओढून आणेल. मग कितीही धुतलं तरी आर जात नाही. टार्टारिकचा एसओआर तीव्रता आणि तापमानाप्रमाणे बदलतो, त्यामुळे २ टक्क्यांची भेसळ त्यात सहज लपते. पुरवठादाराकडे कायरल एचपीएलसीचा आकडा मागा. आलेल्या मालाचा तुम्ही स्वतःही एकदा पाहा.

खर्चाचा प्रश्न रास्त आहे. एल-टार्टारिक स्वस्त आहे, कारण निसर्ग ते मुबलक बनवतो. चिंचेच्या गरात ते भरपूर असतं, इतकं की आमटीला आंबटपणा देणारं मुख्य आम्ल तेच. पण औद्योगिक माल चिंचेपासून येत नाही. युरोपात तो मद्यनिर्मितीच्या गाळापासून येतो. आधी कॅल्शियम टार्ट्रेट, मग सल्फ्युरिक आम्लाने जिप्सम वेगळं करून मोकळं आम्ल. दुसरा मार्ग मॅलेइक अनहायड्राइडचा: हायड्रोजन पेरॉक्साइडने सिस-एपॉक्सिसक्सिनिक आम्ल बनवायचं आणि जिवाणूंच्या एन्झाइमने ते उघडायचं. एन्झाइम निवडून एल किंवा डी दोन्ही मिळवता येतात. तरी डी महागच राहतं. म्हणून एल आणि डी दोन्हींनी काम होत असेल तर पद्धत अशी आखा की एल-आम्लानेच हवं ते रूप खाली येईल. डायबेन्झॉइलला मोलमागे टार्टारिकच्या अडीच पट वजन लागतं आणि वर बेन्झॉइल क्लोराइडचा खर्च. ते परवडतं ते फक्त परत मिळवलं तर.

आणि ते परत मिळतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. सॉल्ट हायड्रोक्लोरिक आम्लाने फोडा. अमाइन हायड्रोक्लोराइड म्हणून पाण्यात जातं आणि डायबेन्झॉइल आम्ल न विरघळता बाहेर पडतं किंवा इथाइल असिटेटमध्ये निघतं. तापमान कमी ठेवा. मोनोहायड्रेट ९० अंशांच्या आतच वितळतं, आणि थोडा द्रावक शिल्लक असला तर त्याही आधी तेल होऊन भांड्याला चिकटतं. सॉल्ट कॉस्टिकने फोडायचंच असेल तर १० अंशांच्या आसपास आणि झटपट, नाहीतर बेन्झॉइल गट सुटून बेन्झॉइक आम्ल होतं. परत मिळवलेल्या आम्लात बेन्झॉइक किती आहे आणि कायरल शुद्धता किती, हे प्रत्येक फेरीला पाहा. बेन्झॉइक वाढत गेलं की ते साध्या आम्लाचं काम करू लागतं, प्रमाण बिघडतं, आणि मग चौथ्या-पाचव्या बॅचला ईई का पडला हे कुणालाच कळत नाही. साधं टार्टारिक मात्र पाण्यात लिटरला किलोभरापेक्षा जास्त विरघळतं, ते असं निघत नाही. त्याला पोटॅशियम घालून बायटार्ट्रेट म्हणून पाडा. २० अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात ते अर्ध्या ग्रॅमहून जरा जास्तच विरघळतं. नाशिककडच्या वायनरीत वाइन थंड केल्यावर टाकीच्या तळाशी जे खडे जमतात ते हेच.

प्लांटला नेताना थोडंच सांगतो, कारण बाकी सगळं तुमच्या स्लरीच्या निकालावर अवलंबून आहे. द्रावण स्वच्छ होतं त्या तापमानाच्या दोन-तीन अंश खाली शुद्ध सॉल्टचं सीड घाला, ९९ च्या वरचं, अर्धा ते एक टक्का. त्यानंतर तासाला पाच ते आठ अंशांपेक्षा जास्त वेगाने थंड करू नका. प्रयोगशाळेत बर्फाच्या टबात फ्लास्क ठेवायची सवय लागलेली असते, तीच प्लांटमध्ये चिल्ड वॉटर सोडून पाळली जाते, आणि दुसरं सॉल्ट पहिल्याच्या अंगावर उगवतं. शेवटचं तापमान जितकं खाली न्याल तितकी यील्ड वाढेल आणि एका टप्प्यानंतर ईई पडेल. तो टप्पा तुमच्या लिकरच्या युटेक्टिकवरून कळतो, म्हणून २५, १५ आणि ५ अंशांना लिकर काढून ईई मोजून ठेवा. सेंट्रीफ्यूजवर धुण्याचा द्रावक थंड आणि थोडा घ्या, पण दोनदा धुवा. वेट केकचा ईई पाहिल्याशिवाय ड्रायरला जाऊ देऊ नका. ओला केक पुन्हा स्लरीत घालता येतो, सुकलेल्याचं काम दुप्पट होतं.

औषधाच्या नावात टार्ट्रेट आहे म्हणून ते टार्टारिकने रिझॉल्व्ह केलेलं आहे असं समजू नका, हेही इथे सांगून टाकतो, कारण मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारतात. मेटोप्रोलॉल टार्ट्रेटमधलं मेटोप्रोलॉल रॅसेमिक आहे आणि झोल्पिडेमला तर कायरल केंद्रच नाही. तिथे हे आम्ल फक्त चांगलं, हाताळायला सोपं सॉल्ट बनवायला आहे. १९९२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने स्टिरिओआयसोमरांबद्दल धोरण जाहीर केलं आणि दोन्ही रूपांचा अभ्यास मांडणं कंपन्यांवर आलं. त्यानंतर एकच रूप बनवण्याकडे कल वाढला आणि या आम्लांची मागणीही. असममित उत्प्रेरण (थेट एकच रूप बनवणारी पद्धत) आल्यावर रिझोल्युशन संपेल असं माझ्या उमेदीच्या काळात म्हणत. गंमत अशी की शार्पलेसच्या इपॉक्सिडेशनमध्ये टायटॅनियमला हात देणारा डायइथाइल टार्ट्रेट हाही याच आम्लाचा एस्टर, आणि इसोमेप्राझोलच्या सल्फॉक्साइडसाठीही तोच वापरतात.

शेवटचा मुद्दा मदर लिकरमधल्या आरचा. ५० टक्के माल फेकून देणारी पद्धत मोठ्या प्रमाणात टिकत नाही. तुमच्या अमाइनच्या कार्बनावर हायड्रोजन असेल आणि शेजारी वलय असेल, तर सॅलिसिलाल्डिहाइडसारख्या अल्डिहाइडच्या अल्प मात्रेने इमाइनमार्गे ते रॅसेमिक करता येतं का ते पाहा. करता आलं तर रॅसेमिक माल पुन्हा सुरुवातीच्या भांड्यात जातो. नशीब चांगलं असेल तर स्फटिकीकरण चालू असतानाच रॅसेमायझेशन करून ५० ची मर्यादाही ओलांडता येते. ते जमत नसेल तर मार्कवाल्डने १८९६ मध्ये सुचवलेली युक्ती उरते: आरने भरलेल्या लिकरवर डी-आम्ल वापरून आर स्वच्छ काढायचा, आणि त्याला दुसरा ग्राहक शोधायचा. आधी स्लरी करा, एनएमआरवरून सॉल्टचं प्रमाण पक्कं करा, तिन्ही तापमानांचे लिकरचे आकडे लिहून ठेवा. घन ९५ च्या पुढे चढला तर टार्टारिकच ठेवा, अर्ध्या प्रमाणाने आणि सीड घालून. तो ८५ च्या आत अडकला तरच डायबेन्झॉइल-एल मोनोहायड्रेटची शंभर ग्रॅमची बाटली मागवा, २५ किलोचा ड्रम नको.